अर्धी बादली पाणी

एकदा कापडाच्या एका व्यापाऱ्याने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी शिष्य व्हायचे ठरवले. तोवरचे आयुष्य त्याने दुसऱ्यांना शिकवण्यात घालवले होते. म्हणजे दुकानातल्या माणसांवर ओरडण्यात, असे त्याची पत्नी म्हणे. दुकान पुतण्याच्या हाती सोपवून तो तालुक्यापासून दहा मैलांवर, टेकडीच्या पायथ्याशी बांधलेल्या घरी राहायला आला. घरापुढे अंगण होते, अंगणापलीकडे वांगी-मिरच्यांचे वाफे, मग विहीर, आणि विहिरीच्या कडेने एका ओळीत पाच डाळिंबे. जमीन घेतली त्याच साली लावलेली ती झाडे आता पाच वर्षांची झाली होती. पण वर्षभर कधीही दोनचार फुले यायची आणि गळायची, याखेरीज त्यांच्या हातून काही घडले नव्हते.

गुरू मिळाला तो शेजारच्या गावातलाच. ऐंशी ओलांडलेला, कमरेत किंचित वाकलेला एक वृद्ध बागवान. सगळे त्याला नाना म्हणत. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या बागा केल्या होत्या आणि स्वतःच्या दारात मात्र एक तुळस होती. पहिल्याच दिवशी त्याने व्यापाऱ्याला जमिनीवर बसवून हातात खुरपे दिले आणि म्हटले, "शेट, इथं दुकानासारखं न्हाई. हितलं गिऱ्हाईक बोलत न्हाई. बघून ओळखायला लागतं." व्यापाऱ्याने मुकाट्याने मांडी घातली. ती घालायला त्याला मिनिटभर लागले आणि सोडायला त्याहून जास्त.

नानाचा एक नेम होता. तो घरात कधी पाऊल टाकत नसे. चहा पायरीवर, भाकरी पायरीवर. व्यापाऱ्याच्या पत्नीने कितीदा तरी आत बोलावले, पण तो आपल्या चिखलाच्या पायांकडे बोट दाखवून हसे. चिखलाचे पाय घेऊन कुणाच्या घरात जाऊ नये, असे त्याला लहानपणी कुणीतरी सांगितले होते आणि ते त्याने सत्तर वर्षे पाळले होते.

पौषात एक फोन आला. तो व्यापाऱ्याच्या पत्नीला आला, कारण त्या नंबरावरून व्यापाऱ्याला कधीच फोन येत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी शलाका बोलत होती. गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी मी येईन, ती म्हणाली. सकाळी येईन, संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने परत जाईन, राहणार नाही. एवढेच. सहा वर्षांत ती पहिल्यांदाच येत होती.

सहा वर्षांपूर्वी काय घडले ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. लग्नाला तीन वर्षे झाल्यावर एका दुपारी शलाका एक निळी पिशवी घेऊन माहेरी आली होती आणि म्हणाली होती, "बाबा, मी आता तिथे राहणार नाही." का, ते ती सांगू लागली. व्यापाऱ्याने ऐकले नाही. घरी त्याचे दोन भाऊ जेवायला आले होते, आणि लोक काय म्हणतील हा प्रश्न त्याला मुलीच्या प्रश्नाहून मोठा वाटला. त्याने ती निळी पिशवी स्वतः उचलली, मुलीच्या पुढे चालत स्टँडवर गेला आणि तिच्या सासरी जाणाऱ्या गाडीत ठेवून दिली. पिशवीमागोमाग मुलगी गाडीत चढली. पण सासरी गेली नाही. मधल्याच एका गावी उतरली, मैत्रिणीकडे राहिली, नोकरी शोधली, कोर्टाच्या पायऱ्या एकटीने चढली. त्यानंतर बापाशी ती एक शब्दही बोलली नव्हती.

आपण चुकलो हे कळायला व्यापाऱ्याला दोन वर्षे लागली, आणि कळल्यानंतरची चार वर्षे फार वाईट गेली. दुकान सोडले ते खरे म्हणजे त्यामुळेच. गल्ल्यावर बसले की समोरून निळी पिशवी घेऊन जाणारी कुणी ना कुणी मुलगी दिसायचीच. आता ती स्वतः येणार होती, एका दिवसासाठी. हा दिवस बिघडला तर दुसरा मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होते. पत्नीने तर बोलूनच दाखवले. "ह्या वेळी काही झालं तर ती मलाही फोन करायची थांबेल," ती म्हणाली. "मला ते सोसायचं नाही. जपून वागा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नानाला सांगितले, "पाडव्यानंतर माझी मुलगी यायचीय. तोवर डाळिंबं फुलली पाहिजेत. लहानपणी ती डाळिंबाचं फूल उलटं धरायची आणि म्हणायची, बाहुलीचा परकर."

नानाने बोटांवर काहीतरी मोजले. मग तो म्हणाला, "मग आजपास्नं पाणी बंद."

"फुलवायचीत म्हणतोय मी, नाना."

"तेच करतोय. ताण द्यायला लागंल. सारखं पाणी मिळतंय म्हणून ही झाडं वर्षभर नुसती रमतगमत बसल्यात. चाळीस दिवस पाणी तोडू, मग बघू."

फळझाडांना असा ताण देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. बहर धरणारे, म्हणजे झाड ठरल्या वेळी फुलवणारे, सगळेच ती पाळतात. पण जो पहिल्यांदा पाहतो त्याचा जीव टांगणीला लागतो. विहिरीच्या काठावर नाना रोज सकाळी एक खडा ठेवी. दहा खडे झाले तेव्हा पाने मलूल झाली. वीस झाले तेव्हा ती पिवळी पडली. तीस खड्यांपर्यंत झाडाखाली पानांचा सडा पडला आणि वर नुसत्या काटेरी काटक्या उरल्या. व्यापारी सकाळी खिडकी उघडी आणि लगेच लावून घेई. हाताच्या अंतरावर विहीर भरलेली, आणि तिच्या काठाशी पाच झाडे वाळत उभी! आपण पुन्हा एकदा कुणालातरी दारात उभे करून पाठ फिरवली आहे, असे त्याला वाटू लागले. जेवण तुटले. पत्नी विचारी, तर तो म्हणे, "काही नाही, ऊन वाढलंय."

चाळिसावा खडा ठेवला त्या दिवशी नानाने फांद्यांचे शेंडे छाटले, आळी उकरून शेणखत घातले आणि हात झटकले. "आता पाणी द्यायचं," तो म्हणाला, "पण नातीचं लगीन ठरतंय, सुपारी फुटायची हाय, मला आत्ताच निघायला लागतंय. परवा सकाळी येतो. चाळीस दिवस काढलेत, आणखी एक निघंल. तवर हात लावू नका."

नाना गेला. दुसरा दिवस उजाडला आणि व्यापाऱ्याला राहवेना. दुपारी ऊन असे पडले की काटक्यांची सावलीसुद्धा वाळलेली दिसू लागली. तो उठला, विहिरीवरची मोटार त्याने चालू केली आणि पाइप पहिल्या झाडाच्या आळ्यात सोडला. माती चुरचुरली. तो आवाज ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आले, हे त्याने नंतर स्वतःच सांगितले. आळे तुडुंब भरून वाहू लागले तरी त्याने पाइप काढला नाही. मग दुसरे झाड, मग तिसरे, मग चौथे. पाचव्याकडे पाइप ओढत असतानाच वीज गेली, ती रात्रीपर्यंत आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना आला. चार आळ्यांत अंगठा दाबून त्याने पाहिले; अंगठ्याभोवती पाणी वर आले. पाचव्यातली माती कोरडी होती.

"वीज कधी गेली, शेट?"

"साडेचारला."

"बरं झालं," नाना म्हणाला. रागावला नाही, कारणही सांगितले नाही. त्याने पोहऱ्याने पाणी काढले, अर्धी बादली भरली आणि ती पाचव्या झाडाला तांब्या-तांब्याने घातली, मध्ये मध्ये थांबत, जिरतेय का ते बघत. व्यापाऱ्याला ते कंजूसपणाचे वाटले. एवढ्या तहानलेल्या जिवाला अर्धी बादली! पण गुरूपुढे बोलायचे नाही, असे त्यानेच ठरवले होते.

पंधरा दिवसांत निकाल आपल्या बाजूने लागला, असे व्यापारी समजू लागला. चारही झाडे हिरवीगार झाली, लांब लांब कोंब फुटले, वाऱ्यावर डोलू लागली. पाचवे मागे राहिले. त्याला आठ दिवसांनी पुन्हा अर्धी बादली मिळाली, मग हळूहळू जास्त. त्याची पाने बारीक, तांबूस आणि मोजकी होती. "नाना, तुमचं झाड आमच्या चौघांच्या पासंगालाही पुरत नाही हो," व्यापारी म्हणे. नाना हसे आणि वांग्यांतले तण काढत राही.

पाडवा जवळ आला तशी व्यापाऱ्याची तयारीही जोरात सुरू झाली. माडीवर एक नवी खोली बांधून घेतली होती. तिथे त्याने शलाकाचे लहानपणीचे कपाट आणून ठेवले. कापडातला माणूस तो. सहा वर्षांतल्या सहा दिवाळ्या आणि सहा वाढदिवस मोजून त्याने बारा साड्या आणल्या, एकीसारखी दुसरी नाही. आणि चार पाने भरून माफी लिहिली. ती तो रोज सकाळी विहिरीपाशी उभा राहून पाठ करी. नाना वाफ्यात बसून ऐके.

पाडव्याच्या सुमारास झाडांचे रंग उघडे पडले. चार झाडे नुसती पानांनी भरलेली. त्यांना ज्या थोड्या कळ्या आल्या त्या खाली गळून पडल्या. पाचव्या झाडावर मात्र शेंड्याशेंड्याला लाल फुले.

"असं कसं झालं, नाना?"

"बघून ओळखायला लागतं," नाना म्हणाला.

शनिवारी सकाळी साडेनऊला शलाका आली. फाट्यावर उतरून चालत आली. खांद्याला तीच निळी पिशवी होती. व्यापाऱ्याने ती लांबूनच ओळखली. त्याने अंगणात पुढे होऊन हात पुढे केला, सवयीने, पिशवी घ्यायला. शलाका एक पाऊल मागे सरली. "असू दे," ती म्हणाली. सहा वर्षांनंतर ती त्याच्याशी बोललेले पहिले शब्द ते होते.

आत ती खुर्चीच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. आईने पोहे आणले, ते तिने पिशवीवरून हात काढून कसेबसे खाल्ले. आईच्या मात्र ध्यानात आले होते की पिशवी चांगली भरलेली आहे. राहणार नाही म्हणाली, मग एवढे भरून काय आणले असेल? पण विचारायची सोय नव्हती. बाप समोर बसून सारखा बोलत होता. घर कसे बांधले, विहिरीला किती पाणी आहे, खोलीची फरशी कुठून आणली. शलाका "हो" आणि "छान" यांपलीकडे काही बोलत नव्हती. त्याचे प्रत्येक वाक्य संपले की ती पिशवीचा बंद थोडा घट्ट धरी. पायरीवर चहा पीत असलेला नाना ते पाहत होता.

जेवणे झाली. एक वाजून गेला. व्यापाऱ्याने मनाशी ठरवले होते की जेवणानंतर खोली दाखवायची, साड्या द्यायच्या आणि मग बोलायचे. "चल, वर चल," तो म्हणाला. शलाका आईकडे बघून उठली. पिशवी तिने खांद्याला लावली.

माडीवर पलंगावर बारा साड्या ओळीने मांडल्या होत्या. खिडकीपाशी तिचे कपाट, त्यावर तिची शाळेतली पाटी. शलाकाने दारातूनच ते सगळे पाहिले आणि ती पांढरी पडली. आनंदाने नव्हे, अंगावर काही कोसळू लागले की माणूस पडतो तशी. व्यापाऱ्याला मात्र वाटले, गहिवरली. त्याने खिशातून चार पाने काढली.

"शलाका, तू बस. मला तुझ्याशी पुष्कळ बोलायचंय. मी लिहून आणलंय सगळं."

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम सपाट झाला होता, "तीनची पण एक गाडी असते ना? मी तिनंच जाते."

आई दारात उभी होती. आता नाही बोललो तर कधीच नाही, असे वाटून त्याने पाने उलगडली आणि घाईघाईने पहिली ओळ वाचायला सुरुवात केली.

तेवढ्यात जिना वाजला. नाना वर आला. चिखलाच्या पायांनी, नव्या पांढऱ्या फरशीवर ठसे उमटवत, तो सरळ खोलीच्या मध्यावर येऊन उभा राहिला. सत्तर वर्षांचा नेम मोडलेला तो माणूस काही घडलेच नाही अशा आवाजात म्हणाला, "शेट, खाली या. पाचव्या झाडाला पाणी राहिलंय."

"आत्ता?"

"आत्ताच."

"नाना, माझी मुलगी सहा वर्षांनी आलीय."

"म्हणूनच म्हणतोय. बादली घेऊन या."

व्यापाऱ्याला असा संताप आला की क्षणभर त्याला काही दिसेना. पण नानाने त्याचे मनगट धरले होते, आणि ऐंशी वर्षांच्या त्या हातात खुरप्याची ताकद होती. दोघे खाली उतरले. विहिरीपाशी येताच व्यापाऱ्याने मनगट सोडवून घेतले.

"काय मांडलंय हे तुम्ही? ती तीनच्या गाडीनं चाललीय. माझ्या हातात तासभर उरलाय, आणि तुम्हांला झाड सुचतंय?"

नानाने त्याला ओट्यावर बसवले आणि स्वतः समोर बसला. "शेट, चाळीस दिवस कोरड काढलेल्या झाडाची बारीक मुळं वाळून गेलेली असत्यात," तो म्हणाला. "तहान लई असती, पण प्यायची ताकद नसती. अशा झाडाला पहिलं पाणी हलकं द्यायचं, मुळांना सवय हुईस्तवर. तुम्ही त्या चौघांची आळी एकदम भरलीसा. ती बुजली. पानं तेवढी काढली त्यांनी, फुलायचं राहून गेलं."

"मला वाटलं, त्यांना बरं वाटेल."

"त्यांना न्हाई, तुम्हांला बरं वाटावं म्हणून. त्या वाळल्या काटक्या तुमच्याच्यानं बघवंनात, म्हणून तुम्ही मोटार चालू केलीसा. आज माडीवर तेच चाललंय. बारा साड्या आन् चार पानं. तुम्हांला पोरीची माफी मागायची हाय का सहा वरसांचं वझं एका दुपारी तिच्या अंगावर टाकायचं हाय? वझं टाकायचं असलं तर हितं टाका, मी ऐकतो, ही विहीर ऐकती. तिला अर्धी बादली द्या. ती जिरतीय का बघा. जिरली तर आठ दिवसांनी पुन्हा."

व्यापारी हळूच म्हणाला, "आणि गेली तर तीनच्या गाडीनं?"

"तर जाईल. तिला जायचा हक्क हाय." "आणखी एक. मी झाडाला ताण दिला तो रोज खडा ठेवून दिला. कधी थांबायचं ते मला ठावं होतं. तुम्ही पोरीला दिला, त्याला ना दिवस ना खडा. ती तगली ती तिच्या हिमतीनं. त्यातनं तिचं भलंच झालं, असं चुकूनबी तिच्याम्होरं बोलू नका. रोज सकाळी तुमच्या दुसऱ्या पानावर ऐकतोय मी ते."

व्यापाऱ्याचा हात खिशाकडे गेला. दुसऱ्या पानावर खरेच लिहिले होते, की एका अर्थी त्या दिवसामुळेच तू आज स्वतःच्या पायांवर उभी आहेस. ते वाक्य त्याला फार आवडले होते. आता त्याला त्याची शरम वाटली. पाने त्याने बाहेर काढली नाहीत. उठून पोहऱ्याने पाणी काढले, बादली अर्धी भरली, आणि पाचव्या झाडापाशी वाकून तांब्या-तांब्याने घालू लागला.

काही वेळाने मागे पावले वाजली. शलाका आली होती. पिशवी खांद्यालाच होती. आईने तिला गाडीची वेळ सांगितली असावी, कारण हातातल्या घड्याळाकडे ती दोनदा बघून चुकली होती. पण झाडांकडे लक्ष जाताच ती थांबली.

"हे एकटंच कसं फुललंय?" तिने विचारले. बापाला नव्हे, नानाला. नाना मिरचीच्या वाफ्याकडे निघून गेला. तेव्हा उत्तर बापाला द्यावे लागले.

"त्या चौघांना मी एकदम पाणी सोडलं," तो म्हणाला. "नानांनी नको म्हटलं होतं. घाई केली."

व्यापाऱ्याने तांब्या खाली ठेवला, पण तो उठला नाही. मातीकडे बघतच म्हणाला, "त्या दिवशी पिशवी मी उचलली. ते चुकलं माझं."

एवढे बोलून त्याने तोंड मिटले. ते मिटून ठेवणे ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट होती. चार पाने आतून ढकलत होती. तुझी किती आठवण काढली, किती रडलो, आई साक्षीला आहे, खोली तुझी आहे. त्याने पुन्हा तांब्या उचलला आणि एक तांब्या पाणी झाडाला घातले. ते जिरेपर्यंत थांबला. मग आणखी एक. मागून काही आवाज येत नव्हता. ती गेली की उभी आहे, हेसुद्धा त्याला कळेना, आणि वळून बघायचे धाडस होत नव्हते.

बादली संपली तेव्हा त्याने मान वर केली. शलाका चार पावलांवर खाली बसली होती. गळून पडलेले एक लाल फूल तिने उलटे धरले होते आणि त्याच्या पाकळ्या बोटाने नीट करत होती.

"मी सांगत होते तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत," ती म्हणाली. "उचलली ते नंतर. आधी ऐकलं नाहीत."

"हो," तो म्हणाला. "ऐकलं नाही."

"आज मला सांगायचं नाहीये."

"बरं."

तीनची गाडी फाट्यावरून गेली, तिचा भोंगा विहिरीपर्यंत ऐकू आला. शलाकाने घड्याळाकडे पाहिले नाही. मग ती आईकडे स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथून भांड्यांचे आणि हलक्या बोलण्याचे आवाज येत राहिले. व्यापारी आत गेला नाही. तो आणि नाना वांग्यांच्या वाफ्यात शेजारी शेजारी बसून तण काढत राहिले. मधूनच व्यापारी घराकडे बघे आणि नाना त्याच्या हातातले खुरपे नीट सरळ करून देई.

सव्वापाचला शलाका निघाली. आईला नमस्कार केला, नानाला केला. बापापुढे क्षणभर थांबून म्हणाली, "येते." आणि भराभर चालू लागली. आई तिच्याबरोबर फाट्यापर्यंत गेली. व्यापारी अंगणात उभा राहिला, आणि मग वळून आत आला, तर समोरच, दाराशेजारच्या खुंटीवर, निळी पिशवी.

विसरली! दिवसभर जी पिशवी तिने अंगापासून वेगळी केली नाही, ती निघायच्या घाईत विसरली, आणि आता गाडीत बसल्यावर तिला आठवेल, आणि आठवेल तेव्हा हे घरही तिला नकोसे होईल. त्याने पिशवी खुंटीवरून ओढली आणि एकसष्ट वर्षांच्या पायांनी तो फाट्याकडे पळत सुटला. गाडी येऊन थांबली होती. शलाका चढून खिडकीशी बसली होती. बाप पिशवी घेऊन पळत येतोय, हे तिने पाहिले.

तो खिडकीखाली येऊन थांबला. पिशवी त्याने छातीशी धरली होती. धाप लागल्यामुळे शब्द फुटेना. गाडीत ठेवायला त्याने हात वर केले, आणि तिथेच त्याला कळले की आपण काय करतो आहोत. सहा वर्षांपूर्वी असेच हात वर केले होते. हात मध्येच थांबले.

शलाकाने खिडकीतून हात बाहेर काढून पिशवीवर ठेवला. तिने ती घेतली नाही. हलकेच त्याच्याकडे ढकलली.

"बाबा, ती राहू दे," ती म्हणाली. "मुद्दाम ठेवलीय."

गाडी निघाली. धूळ बसेपर्यंत नवरा-बायको फाट्यावर उभे होते. घरी आल्यावर त्याने पिशवी होती तिथे, त्याच खुंटीला लावली. पत्नी म्हणाली, "कपडेच असतील आत. धुऊन ठेवू का तिचे?" आणि तिचा हात चेनकडे गेला.

"नको," व्यापारी म्हणाला. "ती आली की उघडेल."

नाना पायरीवर बसून पाय धूत होता. व्यापारी त्याच्या शेजारी येऊन बसला. नव्या फरशीवरचे चिखलाचे ठसे जिन्यावरून खालपर्यंत उमटले होते. ते पुसायचे नाहीत, असे त्याने पत्नीला सांगून ठेवले होते.

"नाना, त्या बारा साड्यांचं काय करू?"

"किती म्हणालात?"

"बारा."

"मग खेपेला एक. बारा खेपा झाल्या," नाना म्हणाला, आणि दुसरा पाय धुवायला घेतला.